सात मिनिटं दुसऱ्याच्या डोळ्यांनी

"अहो, तुमच्या आजींना दिसतं की नाही, ते एकदा नक्की सांगा!"

नर्सिंग शिकणारी, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची ती पोर अगदी वैतागून गेली होती. माझ्या सासूबाई न्यूमोनिया होऊन दवाखान्यात होत्या. सकाळी तिनं दारातूनच हाक मारून सांगितलं होतं, "आजी, गोळ्या टेबलावर ठेवल्यात बरं का, घेऊन टाका." दोन तासांनी येऊन बघते तर गोळ्या जागच्या जागी! बरं, आजींना दिसत नाही म्हणावं, तर थोड्या वेळापूर्वी तिच्या पेनाचं टोपण कॉटशेजारी पडलं होतं, ते आजींनीच तिला दाखवलेलं. मग गोळ्याच तेवढ्या कशा दिसल्या नाहीत? तिनं केसपेपरवर लिहून टाकलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

खरं तर मला तिचा राग यायला हवा होता. पण आला नाही. कारण घरात चार वर्षं मी तरी वेगळं काय करत होते?

सासूबाईंच्या डोळ्यांचा पडदा वयामुळे खराब झालाय. डॉक्टर त्याला 'मॅक्युलर डीजनरेशन' म्हणतात. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन केलं आणि दिसायला लागलं, असं यात होत नाही. या आजारात नजरेच्या बरोब्बर मधोमध डाग येतो, कडेचं मात्र दिसत राहतं. म्हणजे समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, वर्तमानपत्र वाचता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. पण कडेनं गेलेलं मांजर दिसतं, घरात न धडपडता फिरता येतं. डॉक्टरांनी हे सगळं आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. आणि घरी येऊन पुन्हा माझं सुरूच, "जमिनीवर पडलेली टाचणी दिसते, पण शेजारच्या वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या तर ओळख देत नाहीत! हवं तेव्हा बरोब्बर दिसतं आईंना."

मैत्रिणींनो, माझ्याजवळ माहिती होती, समज नव्हती. या दोन्हींत किती अंतर असतं, ते मला एका पुठ्ठ्याच्या खोक्यानं दाखवलं.

खोक्याच्या आत

माझी भाची पुण्यात बीएस्सी नर्सिंग करते. दिवाळीला ती आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला दवाखान्यातला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, "मावशी, आम्हाला मॅडम सध्या हेच शिकवताहेत." आणि बॅगेतून चष्म्यासारखा दिसणारा एक पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात मोबाइल बसवायचा, खोका डोळ्यांना लावायचा आणि कानात इअरफोन घालायचे. मुलं ज्यावर गेम खेळतात ती 'व्हर्च्युअल रिॲलिटी', म्हणजे आभासी जग. मान डावीकडे वळवली की डावीकडचं दिसतं, वर केली की वरचं. आपण लांब खुर्चीत बसून सिनेमा बघतोय असं वाटतच नाही, त्या सिनेमात आपणच उभ्या असतो!

तिनं मला जे दाखवलं, ते ब्रिटनमधल्या 'अल्झायमर्स रिसर्च यूके' या संस्थेनं २०१६ साली तयार केलं होतं. 'अ वॉक थ्रू डिमेन्शिया' त्याचं नाव. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. यात आपण असतो एक वयस्क बाई. तीन साधे प्रसंग आहेत. दुकानातली खरेदी, रस्त्यानं घरी येणं आणि घरी चहा करणं. दुकानात पैसे द्यायची वेळ येते आणि नाण्यांचा हिशोबच लागत नाही. रस्त्यात मध्येच सगळं अनोळखी वाटायला लागतं. आणि चहा करताना कोणाला काय हवं होतं तेच आठवेनासं होतं.

हसू नका, पण चहाच्या त्या प्रसंगात माझ्या घशाला कोरड पडली. आपण बायका डोळे मिटून पंचवीस माणसांचा चहा टाकतो. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आल्याचा, सगळं पाठ असतं. तो साधा चहा हातातून निसटतोय आणि घरातली माणसं बाहेर वाट बघताहेत! खोका काढला तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, तू काही मिनिटांत घाबरलीस. त्या बाईला तो काढून ठेवता येत नाही."

आपल्याकडे असे किती जण असतील? ज्येष्ठांच्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगताहेत. त्यातल्या बहुतेकांना सांभाळणारी कोण असेल? कुठली तरी बायको, सून नाहीतर लेक. आणि दवाखान्यात गेलं की सिस्टर.

टेप लावलेला चष्मा

भाचीच्या मॅडमनी वर्गात ज्या अमेरिकन मुलीची गोष्ट सांगितली होती, ती मला फार आवडली. कॅरी शॉ तिचं नाव. ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या आईला अल्झायमरचं निदान झालं. ऐन मध्यम वयात. आजार वाढत गेला तसं आईला दोन्ही डोळ्यांनी डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. आईला सांभाळायला येणाऱ्यांना हे कसं समजावून सांगायचं? डावीकडे ठेवलेली वस्तू आईच्या दृष्टीनं तिथं नसतेच! कॅरीनं एक साधा चष्मा घेतला, त्याच्या डाव्या भागावर टेप चिकटवली आणि त्यांच्या हातात दिला. घाला आणि बघा. तासभर समजावून जे कळलं नसतं, ते एका मिनिटात कळलं.

पुढे शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात शिकताना तिनं हीच कल्पना व्हर्च्युअल रिॲलिटीत आणली. 'वी आर आल्फ्रेड' असं त्या अनुभवाचं नाव. विद्यार्थिनी डोळ्यांना यंत्र लावते आणि सुमारे सात मिनिटं आल्फ्रेड होते. आल्फ्रेड ७४ वर्षांचे गृहस्थ. नजरेच्या मधोमध काळा डाग. म्हणजे माझ्या सासूबाईंचाच आजार! शिवाय कानांना कमी ऐकू येतं. घरची माणसं बोलताहेत ते पाण्याखालून आल्यासारखं दबलेलं. ज्याच्याकडे बघावं त्याचा चेहराच डागाखाली. डॉक्टरांपुढे बसलं तर प्रश्न नीट ऐकू येत नाही, आणि समोर धरलेलं दिसत नाही. आता अशा माणसानं उत्तर चुकवलं, तर आपण काय म्हणतो? 'म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालंय.' डोकं शाबूत असतं हो, कमी पडतात ते डोळे आणि कान.

२०१६ साली कॅरी शॉनं 'एम्बॉडीड लॅब्ज' नावाची कंपनी काढली. पुढे अल्झायमर झालेल्या बिआट्रिझ, फुप्फुसांच्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले क्ले, असे आणखी अनुभव तयार झाले. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडनं हे आपल्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणात आणलं. गंमत म्हणजे त्यात पुढाकार घेतला तिथल्या ग्रंथालयानं! पुस्तकातून दुसऱ्याचं आयुष्य कळतं, तसंच हेही, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं ऐकल्यावर मला दवाखान्यातली ती पोर आठवली. तिनं परीक्षेत मॅक्युलर डीजनरेशनची व्याख्या पाठ करून लिहिली असेल, मार्कही मिळाले असतील. पण सात मिनिटं आल्फ्रेड झाली असती, तर दारातून हाक मारली नसती. जवळ आली असती, गोळ्या तळहातावर ठेवल्या असत्या.

दया आली, पण...

इथंच गोष्ट संपली असती, तर किती सोपं झालं असतं! यंत्र लावलं, डोळे उघडले, सगळं छान झालं.

पण माझ्या घरी तसं झालं नाही. त्या दिवाळीनंतर मला सासूबाईंची इतकी दया यायला लागली, की मी त्यांची सगळी कामं काढून घेतली. "आई, तुम्ही बसा. लसूण मी सोलते." "आई, देवाची भांडी राहू द्या, मी घासते." "आई, एकट्या गच्चीवर जाऊ नका." त्यांना दिसत नाही तर बिचाऱ्या कसं करणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मला वाटत होतं, मी सुधारले! आणि सासूबाई दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. जेवण कमी झालं. एके दिवशी मी हातातली लसणाची वाटी ओढून घेतली, तेव्हा म्हणाल्या, "अगं, आधी मला खोटारडी म्हणायचीस. आता निकामी म्हणतेस. त्यापेक्षा खोटारडी बरी होते की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर कळलं, की ही चूक माझ्या एकटीची नव्हती. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात एरिअल सिल्वरमन या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर याचाच अभ्यास केला. त्या स्वतः अंध आहेत. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पट्टी बांधून काही वेळ कामं करायला लावलं, की लोकांच्या मनात अंधांबद्दल कळवळा येतो. पण त्याबरोबर अंध माणसं नोकरी करू शकतील, एकटी राहू शकतील, यावरचा त्यांचा विश्वास मात्र कमी होतो! का? कारण पट्टी बांधलेल्या माणसाला फक्त पहिला अर्धा तास कळतो. धडपडणं, घाबरणं, चाचपडणं. त्या अंधारात वर्षानुवर्षं राहून माणूस काय काय शिकतो, ते कळत नाही.

माझं तेच झालं होतं. सासूबाई सुटी नाणी बोटानं ओळखतात. कणीक तिंबून झाली की हातालाच कळतं. डाळीतला खडा बोटांना लागतो, माझ्या डोळ्यांना सुटतो तो! चार वर्षांत त्यांनी हे सगळं नव्यानं शिकून घेतलं होतं. आणि मी खोक्यात थोडा वेळ डोकं घालून ठरवून टाकलं, की यांना काहीच जमणार नाही.

२०२१ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी व्हर्च्युअल रिॲलिटीवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांना दिसलं, की या यंत्रामुळे भावना जागी होते, गलबलून येतं. पण समोरचा माणूस काय विचार करत असेल, हे समजून घेण्याची सवय त्यानं वाढलेली दिसत नाही. ती सवय लावून घ्यावी लागते.

यंत्र काढल्यानंतर

मी भाचीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर मावशी, आमचा खरा तास यंत्र काढल्यानंतर सुरू होतो."

त्यांच्या कॉलेजात आधी मॅडम सांगतात, आज काय दिसणार आहे आणि का दाखवतोय. कुणाच्या घरी नुकतंच आजारपण झालेलं असेल, तर तिला सक्ती नाही. मग यंत्र. ते झालं की सगळ्या गोल करून बसतात. काय वाटलं? वॉर्डात असं कोण आहे? आणि उद्या सकाळी ड्युटीवर गेल्यावर तू नेमकं काय वेगळं करशील? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'प्रेमानं वागेन' असं चालत नाही! 'दारातून बोलणार नाही, कॉटजवळ समोर जाऊन बोलेन,' असं काहीतरी हातानं करण्याजोगं सांगावं लागतं. भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली. एकदा मॅडमनी कमी दिसणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेलाच वर्गात बोलावलं. त्या रिक्षानं एकट्या आल्या, तासभर बोलल्या, मुलींच्या प्रश्नांना उत्तरं दिली. यंत्रात न दिसलेला भाग त्या दिवशी दिसला.

आपल्याकडे नर्सिंगच्या शिक्षणात प्रात्यक्षिकासाठी आता 'सिम्युलेशन'वर भर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलनं बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम सुधारला, २०२१-२२ पासून तो लागू झाला, त्यात या पद्धतीला मोठं स्थान दिलंय. म्हणजे खऱ्या पेशंटला सुई टोचायच्या आधी पुतळ्यावर हात बसवायचा. हे फार चांगलं झालं. पण हात बसवायचा, तसं मनही बसवायला नको का? आपल्या तालुक्याच्या गावात नर्सिंगच्या शाळा आहेत, आपल्याच मुली तिथं शिकताहेत. त्यातल्या प्रत्येक शाळेला महागडी यंत्रं परवडणार नाहीत, हे उघड आहे. पण कॅरी शॉनं सुरुवात कशानं केली होती, ते आठवा. चष्मा आणि टेप!

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही गावातल्या नर्सिंगच्या मुलींसाठी एक दुपार असाच कार्यक्रम केला. जुने चष्मे गोळा केले. काचांच्या मधोमध काळ्या कागदाचे गोल चिकटवले. कानात कापसाचे बोळे. मग त्यांना पांढऱ्या बशीत दहीभात खायला दिला, मागून हाक मारून प्रश्न विचारले, आणि औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायला सांगितली. आधी खूप खिदळणं झालं. दहीभाताला चाचपडायला लागल्या तसं हसू थांबलं. एक मुलगी म्हणाली, "पांढऱ्यावर पांढरं, भात कुठं संपतो तेच कळेना. उद्यापासून गडद रंगाची बशी." दुसरी म्हणाली, "ओरडल्यानं जास्त कळत नाही हो, तोंडासमोर येऊन सावकाश बोललं तर कळतं." अगदी खरं! म्हातारपणी आधी जातात ते बारीक, उंच स्वर. त्यामुळे आवाज येतो, शब्द सुटत नाहीत. नुसतं ओरडून काय होणार?

आणि मग आम्ही सासूबाईंना पुढे बसवलं. त्यांच्यासमोर दोन वाट्या लसूण ठेवला. एक त्यांना, एक त्या मुलींना. कोणाचा आधी सोलून झाला, ते सांगायला हवं का?

सिस्टर लोकांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. मी कामानिमित्त सरकारी दवाखान्यांत जाते. वॉर्ड भरून पेशंट आणि रात्रपाळीला एक-दोन सिस्टर, हे मी पाहिलंय. ज्या बाईला पाणी प्यायला सवड नाही, तिला 'पेशंटच्या जागी उभी राहा' असं सांगणं सोपं आहे. यंत्रानं मनुष्यबळ वाढत नाही. ते वाढवा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण कॉटसमोर जाऊन बोलायला दारातून बोलण्यापेक्षा फार तर पाव मिनिट जास्त लागतं. आणि न घेतलेल्या गोळ्यांपायी पुढे जो वेळ जातो, तो वाचतो.

आता घरचं सांगते आणि थांबते. भाचीनं मला शिकवलं होतं, की कमी दिसणाऱ्यांना ताट घड्याळासारखं सांगावं. बारा वाजता चटणी, तीन वाजता भाजी, असं. मी मोठ्या उत्साहानं सासूबाईंना विचारलं, "आई, असं सांगू का रोज?" त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "अगं, ताट वाढायची पद्धत कशासाठी आहे? मीठ वर, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभात मध्ये. तू जागच्या जागी वाढलंस, तर मला डोळे कशाला हवेत? तू हल्ली कुठंही काहीही वाढतेस, म्हणून हात चटणीत जातो माझा!"

चार वर्षं मी त्यांच्या हाताला लागलेली चटणी पुसत होते. ती का लागते, हे कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्याही घरात कोणी असं असेल, तर जुन्या चष्म्याला टेप लावून एकदा जरूर घालून बघा. आणि तो काढून ठेवल्यावर त्यांच्याजवळ, समोर जाऊन बसा आणि विचारा, "मी काय वेगळं करू?" उत्तर त्यांच्याजवळ तयार असतं.